पगडी गेली आणि टक्कल आलं

मंडळी, बरेच दिवस इकडे काही टंकलं नाही. तीन वीकांत रिलीजने खाल्ले आणि चौथा केसांनी. म्हणजे जे काही उरलेत त्यांनी :)

तर झालं असं. मी मूळचा शिरूरचा, आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीचा. आजोळ दौंड. नोकरी पुण्यात, आयटीत, आणखी कुठे असणार. वय अठ्ठावीस. सध्या माझा जो बायोडेटा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, त्यावरचा फोटो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला आहे. त्यानंतर केसांची रेघ चांगली चार बोटं मागे सरकली आहे आणि भोवऱ्याच्या जागी रुपयाएवढा प्लॉट मोकळा झालाय. आता बारामतीचं एक स्थळ आलंय, मुलगी बँकेत आहे, आणि बघण्याचा कार्यक्रम दौंडला मामांच्या घरी ठरलाय.

मामा रेल्वेतून रिटायर झालेत, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचं त्यांच्याकडे वेळापत्रक असतं.

“भाच्या, हल्ली ते पॅच का काय मिळतं ना? कार्यक्रमाच्या आधी आठ दिवस बसवून घे. म्हणजे तुलाही सवय होईल.”

“अहो मामा, पण नंतर?”

“नंतरचं नंतर. लग्न झाल्यावर केस जातातच माणसाचे.”

आईला हे काही पटलं नाही. फसवल्यासारखं होईल, असं ती म्हणाली. त्यावर मामांचा प्रतिप्रश्न तयार: “आणि ती पोरगी तोंडाला पावडर लावून येणार, ते काय मग?”

ही पावडर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मी आज्ञाधारक भाचा. गेलो पुण्यातल्या एका ‘क्लिनिक’मध्ये (क्लिनिक कसलं, काचेचा दरवाजा लावलेलं सलूनच ते). ट्रान्सप्लांटचं आधीच एका त्वचारोगतज्ज्ञांना विचारून झालं होतं. त्या म्हणाल्या, थांबा. मागच्या भागातले केस काढून पुढे लावायचे, म्हणजे साठा मर्यादित. अठ्ठाविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली आणि मागची गळती चालूच राहिली, तर चाळिशीत पुढे एक बेट आणि मागे समुद्र. हे मला लगेच समजलं. मेमरी लिमिटेड असताना सगळी एकदम अ‍ॅलोकेट करून बसायचं नसतं.

राहिला पॅच. त्यातही निवड करायची असते हे मला माहीत नव्हतं. बेस मुख्यतः तीन प्रकारचे. लेस, म्हणजे बारीक जाळी: हवा खेळती राहते, कपाळावरची रेघ खरी वाटते, पण नाजूक, ओढली की फाटते. मोनो, म्हणजे घट्ट विणीचा बेस: टिकाऊ, पण केस मागे वळवले की पुढची कड दिसते. तिसरा पॉलीचा, ज्याला ते ‘स्किन’ म्हणतात: पातळ कातडीसारखा, चिकटवायला आणि पुसायला सोपा, पण मे महिन्यात आत घाम साठतो. हे डोक्यावर थांबवायचं कसं? क्लिपा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, गोंद, नाहीतर आपल्याच कडेच्या केसांत विणून टाकणं. विणलेलं असेल तर आपले केस वाढतील तसं सैल होतं, म्हणून महिन्या-दीड महिन्याला आवळून घ्यायचं. क्लिपा रोज एकाच जागी ओढत राहिल्या तर तिथलेही केस जातात. गोंद वापरायचा तर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं, खाज सुटते का बघायला. आणि सगळ्यांत उपयोगी गोष्ट सेल्सवाल्याने नाही, तर सर्व्हिसिंगला आलेल्या एका गृहस्थांनी हळूच सांगितली: “दाट घेऊ नका. तिशीच्या डोक्यावर सोळाव्या वर्षाचे केस दिसले की सगळे तिकडेच बघतात.”

ट्रायल म्हणून एक पॅच टेपने लावून दिला आणि संध्याकाळपर्यंत फिरून या म्हणाले. मी आरशात पाहिलं. बायोडेटावाला मुलगा समोर उभा होता. खरं सांगतो, आनंद झाला. तसाच मामांना दाखवायला दौंड शटल पकडली. पण स्टेशनपर्यंत बाईक होती आणि बाईक म्हणजे हेल्मेट. हेल्मेट काढताना पहिला घाम फुटला. गाडीत खिडकीची जागा मोकळी होती आणि मी बसलो नाही. कायम खिडकीसाठी भांडणारा मी, वाऱ्याला घाबरून दारापासून लांब, आतल्या बाजूला उभा राहिलो. उरुळीपर्यंत एका माणसाने माझ्याकडे दोनदा पाहिलं. बहुतेक तो माझ्या मागच्या घड्याळाकडे बघत असावा, पण मला काय माहीत.

उभ्या उभ्या मनात आलं, आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं असेल? टक्कल आनुवंशिक असतं, मग त्यांनाही असणारच. त्यांच्या गोष्टीत ते कुठेच कसं नाही?

आमचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. पांढरी टोपी हा त्यांच्या डोक्याचाच भाग होता. झोपताना उशाशी, उठल्या उठल्या डोक्यावर. अंघोळीला टोपी खुंटीवर गेली की डोक्याला पंचा. त्यांना शेवटची अंघोळ घालताना मी पहिल्यांदा त्यांचं उघडं डोकं पाहिलं. ते माझंच डोकं होतं. तीच मागे सरकलेली रेघ, तोच भोवऱ्यावरचा गोल, फक्त पन्नास वर्षं पुढची आवृत्ती. सव्वीस वर्षं मी त्या घरात काढली आणि हे मला माहीत नव्हतं. नंतर आजीला विचारलं. ती म्हणाली, “लग्नातबी तसंच होतं. पण बघितलंय कुणी?”

दहाव्याला घोड नदीच्या काठी आम्ही सगळ्या भाऊबंदांनी मुंडण केलं. वडील, चुलते, चुलतभाऊ, मी, ओळीने चमनगोटे. त्या ओळीत कुणाला टक्कल आहे आणि कुणाला नाही हे सांगता येत नव्हतं.

तर हे दहाव्याचं दृश्य दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे जवळजवळ रोजचं होतं. पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं पुरुषांची डोकी वस्तऱ्याने केलेली असायची. मध्ये शेंडी आणि तिचा घेरा, कुणी कानाजवळ कल्ले राखलेले, बाकी मैदान साफ. आणि त्यावर पागोटं किंवा पगडी. पागोटं म्हणजे लांब कापड दरवेळी गुंडाळायचं. पगडी मात्र आधीच बांधून तयार असायची, उचलायची आणि डोक्यावर ठेवायची. आता मला सांगा, मापाची, कारागिराकडून बनवून घेतलेली, सकाळी डोक्यावर चढवून रात्री काढून ठेवायची वस्तू, जिच्याशिवाय चारचौघांत जाता येत नाही... हा पॅच नाही तर काय आहे? फरक इतकाच, की ती केसांसारखी दिसायचा प्रयत्न करत नव्हती.

याचा अर्थ आपल्याकडे टकलाचं दुःख नव्हतं असं नाही. आयुर्वेदात खालित्य हा शब्द आहे, उपचार आहेत. भर्तृहरीच्या नीतिशतकातला तो बिचारा खल्वाट तर प्रसिद्धच: उन्हाने डोकं तापलं म्हणून झाडाखाली गेला आणि नेमकं वरून मोठं फळ पडून डोकं फुटलं. पण गोष्टीत बिचाऱ्याला त्रास होतो तो उन्हाचा आणि फळाचा. लोक काय म्हणतील याचा नाही.

भाषेतही बघा. उघड्या डोक्याला आपल्याकडे ‘बोडकं’ म्हणतात, आणि बोडक्याने बाहेर पडणं अशुभ किंवा निदान असभ्य तरी. पुरुषाला हा शब्द पगडी काढली की लागू, पगडी घातली की संपला. बाईला मात्र ‘बोडकी’ म्हणजे केशवपन केलेली विधवा, आणि ते जन्मभराचं. वस्तरा तोच, न्हावीही तोच. एकाला त्याने प्रतिष्ठा मिळायची, दुसरीची काढून घेतली जायची. आगरकरांनी ‘सुधारक’ १८८८ साली काढला, त्यांनी या प्रथेवर कडाडून टीका केली. १८९०च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनीच विधवांची डोकी भादरायला नकार दिला. केसांच्या इतिहासात माझ्या चार बोटांच्या रडगाण्याला किती जागा द्यायची, हे त्यामुळे आपोआप ठरतं. असो.

आता शिरूरला येऊ. आमच्या गावात इंग्रजांची छावणी होती हे बऱ्याच शिरूरकरांनाही फक्त १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईमुळे माहीत असतं, कारण ती पलटण शिरूरहूनच निघाली होती. पण छावणी त्याच्या आधीची, वसईच्या १८०२ च्या तहानंतर पेशव्याच्या उशाशी आणून बसवलेल्या फौजेची. या फौजेचा एक प्रमुख कर्नल वॉलेस १८०९ साली वारला, त्याची कबर शिरूरलाच आहे. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानून कबरीला नैवेद्य दाखवत. लहानपणी मला त्यात फक्त भुताचा इंटरेस्ट होता. आता मला त्याच्या केसांचा आहे.

कारण हा माणूस नेमक्या सांध्यावरचा. त्याच्या आधीची दीडशे वर्षं युरोपातल्या प्रतिष्ठित पुरुषाच्या डोक्यावर टोप असायचा. याची सुरुवात ज्याच्या नावावर सांगतात तो फ्रान्सचा राजा तेरावा लुई. १६०१ चा जन्म, विशीतच केस जायला लागले, आणि १६२४ च्या सुमारास त्याने टोप घातला. म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान होता! राजाने घातला म्हणून दरबाराने घातला, मग लंडननेही घातला. १६६५ च्या प्लेगमध्ये सॅम्युएल पेपिस आपल्या डायरीत काळजी करतोय की आता टोपांची फॅशन राहणार कशी, प्लेगने मेलेल्यांच्या डोक्याचे केस असतील या भीतीने कुणी केस विकतच घेणार नाही. पुढे टोप पांढरे दिसावेत म्हणून त्यावर पावडर आली. ती बहुधा पिठाची किंवा स्टार्चची.

(आली बघा मामांची पावडर.)

१७९५ साली धान्याची टंचाई आणि फ्रान्सशी युद्ध, दोन्ही एकदम. पंतप्रधान पिटने केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला. लोकांनी कर भरण्याऐवजी केस बारीक केले. करामुळे मेलेली ही बहुधा जगातली पहिली फॅशन असेल. सैन्यात मात्र चरबी आणि पीठ चोपडलेली शेपटी चालूच होती, ती १८०८ साली हुकूम काढून बंद झाली. वॉलेसच्या मृत्यूच्या फक्त एक वर्ष आधी. १८०३ साली असईच्या लढाईत वॉलेसचा सेनापती असलेला आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) तर हिंदुस्थानात असल्यापासूनच पावडर न लावता केस बारीक ठेवायचा. म्हणजे चित्र असं डोळ्यांसमोर आणा: घोडनदीच्या काठी एकीकडे पिठाच्या शेपट्या कापून मोकळे होत असलेले साहेब, आणि दुसरीकडे तुळतुळीत डोक्यावर पागोटी बांधलेली आमची माणसं. डोक्यावर काय घालायचं ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. १८०६ साली वेल्लोरला शिपायांचं बंड झालं त्याच्या कारणांत हॅटसारख्या दिसणाऱ्या नव्या पागोट्याची सक्ती होती.

पुढच्या शंभर वर्षांत साहेबाचे बारीक केस जिंकले. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी घेरा काढून ‘इंग्रजी केस’ ठेवले, भांग पाडला, तेल लावलं. टिळक १९२० साली गेले तोवर पगडी दिसत होती. त्याच असहकाराच्या काळात गांधी टोपी आली आणि खेड्यापाड्यांत माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत टिकली. गंमत म्हणजे ज्यांचं नाव त्या टोपीला, त्यांनी स्वतः १९२१ मध्ये ती सोडली आणि पुढे सगळ्या जगासमोर उघड्या टकलाने वावरले. शहरात मग टोपीही गेली. आणि माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे टक्कल खऱ्या अर्थाने तेव्हा आलं. डोकी तीच होती, जीन्स तेच होते. झाकण काढलं आणि वर केस असणं ही नवी अट घातली. पहिल्यांदाच ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन गट पडले.

खोट्या केसांचा धंदा मराठी माणसाला नवा नव्हता, पण तो रंगभूमीवर. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हापासून कितीतरी दशकं स्त्रियांची कामं पुरुष करत. त्यामुळे टोप, गंगावन, नथ, अंबाडा हा कंपनीच्या पेटाऱ्यातला रोजचा माल. या कंपन्या पेटारे घेऊन रेल्वेने फिरायच्या, आणि पुण्याहून सोलापूरकडे गाडीने जायचं तर दौंड टळत नाही. मामांच्या जंक्शनमधून किती टोप गेले असतील! नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि साठी जवळ आली तरी नायिका रंगवत होते. समोरच्या प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं की हा पुरुष आहे. तरी घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. पडदा पडला की टोप पेटाऱ्यात. त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही.

आजच्या काळातलं सगळ्यांत मोठं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याशी नातं सांगतं. रजनीकांत, म्हणजे शिवाजीराव गायकवाड. जन्म १९५० चा बंगळुरूचा, घरची भाषा मराठी, आणि मूळ गाव म्हणून पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचं नाव सांगतात. दौंडहून फार लांब नाही ते. पडद्यावर हा माणूस केसांतून हात फिरवतो आणि थिएटर डोक्यावर घेतलं जातं. पडद्याबाहेर तोच माणूस पांढरी दाढी, साधी लुंगी आणि उघडं टक्कल घेऊन समारंभाला येतो. २००७ च्या ‘शिवाजी’मध्ये तर शेवटी टकलाचाच अवतार करून त्याने शिट्ट्या वसूल केल्या. त्याच तामिळनाडूत एमजीआर होते, १९८७ साली जाईपर्यंत लोकांनी त्यांना पांढरी फरची टोपी आणि काळा चष्मा यांशिवाय फारसं पाहिलंच नाही. दोघेही देवासारखे पुजले गेले, तेव्हा यशाचा आणि केसांचा काही संबंध लागत नाही. पण शटलमध्ये खिडकीपाशी कोण बसू शकला असता, हे मला विचाराल तर सांगतो.

राहता राहिला प्रश्न की हे पॅचचे केस येतात कुठून. आमच्या गल्लीत लहानपणी बायका यायच्या, ‘केसांवर भांडी’ अशी आरोळी देत. आजी कंगव्यातल्या गुंतवळाचा गोळा फटीत कोंबून ठेवायची, त्यावर एखादी वाटी मिळायची, आम्हाला फुगा. तो गोळा म्हणजे दुय्यम माल, कारण त्यात केसांची मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात आणि खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. तो टाळायला खवले रसायनाने काढून टाकतात आणि मग असे केस लवकर निस्तेज होतात. पहिल्या प्रतीचा माल म्हणजे एका दिशेत ठेवलेले, एकाच डोक्याचे केस, ज्याला धंद्यात ‘रेमी’ म्हणतात. तो मुख्यतः तिरुपतीसारख्या देवस्थानांच्या मुंडणातून येतो आणि लिलावात विकला जातो. २००४ साली काही ज्यू धर्मगुरूंनी हे देवाला वाहिलेले केस म्हणून त्यांचे टोप वर्ज्य ठरवले, तेव्हा ब्रुकलिन आणि जेरुसलेमच्या रस्त्यांवर बायकांनी आपले महागडे टोप जाळले. नवस कुणाचा, डोकं कुणाचं! क्लिनिकमधला सेल्सवाला ‘शंभर टक्के रेमी’ म्हणाला तेव्हा मला आधी आजीचा गुंतवळ आठवला आणि मग घोडनदीच्या काठावरची आमची ओळ.

मामांच्या घरी पोहोचलो तेव्हा मामी म्हणाल्या, “अगबाई, किती छान दिसतोस!” मामा खूष. रात्री मोरीत टेप सोडवताना मात्र अर्धा तास गेला. बोअरच्या पाण्याने चिकटा निघेना. दाराबाहेर मामाच वाट बघत उभे होते. आत आले, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली हातात दिली. टेपचा गोंद तेलाने सुटतो, हे मामांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यावर ऐन घरात, रात्री दहा वाजता, रेल्वेची जुनी टोपी होती.

सकाळी मी दोन कामं केली. पहिलं, ट्रायल परत केली आणि मागणी नोंदवली: लेसचा, कमी घनतेचा, टेपने लावायचा, रात्री काढता येईल असा. विणलेला नको, गोंदाचा नको. मित्रांच्या लग्नात, ऑनसाईटला क्लायंटसमोर, वाटेल तेव्हा घालीन. ऑफिसात टीमला दाखवूनही झालाय, दोघांनी घालून सेल्फी काढले. दुसरं काम, मुलीचा नंबर आईकडून घेतला आणि आजचा फोटो पाठवला, चेहऱ्याचा एक आणि वरून एक. खाली लिहिलं, बायोडेटातला जुना आहे, सॉरी.

तासाभराने निळ्या टिका आल्या. मग दुपारपर्यंत काहीच नाही. दुपारी लंचमध्ये उत्तर आलं: “बाबांचं पण असंच आहे. ते टोपी घालतात. रविवारी किती वाजता यायचं?”

मामांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

“वरून फोटो? अरे, वरून कशाला?” मग म्हणाले, “बरं, आता पाठवलास तर पाठवलास. चहा-पोह्यांचं चारला ठेवतो, बारामतीची गाडी त्याआधी येते.”